बेळगावचा उन्हाळा वाढला म्हणता, मग हिशोब मांडा

आमच्याकडं हवामानाबद्दल बोलणं निघालं की दोनच उत्तरं ऐकायला मिळतात. एक, "ग्लोबल वॉर्मिंग हो, जगभर चाललंय, आपण काय करणार." आणि दुसरं, "काही नाही ते, बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा कुठं एवढ्या गाड्या होत्या." पहिलं उत्तर बहुतेक वेळा ज्याच्यावर कामाची जबाबदारी आहे तो देतो, दुसरं ज्याला विषयच नकोसा झालाय तो देतो. मला दोन्हीचा राग येतो, कारण दोघंही कारण शोधायच्या आधीच थांबतात. तापमान का वाढलं, पाऊस का बदलला, यातला किती वाटा कुणाचा, ह्या प्रश्नांना उत्तर आहे, ते आकड्यांनी काढता येतं, जगाच्या पातळीवर ते काढलंय सुद्धा, आणि ज्या पद्धतीनं काढलंय तीच पद्धत आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागाला लावायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

बळ्ळारी नाल्याचं उदाहरण घ्या. शहापूर, वडगाव, येळ्ळूर शिवारातलं भात जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याखाली जातंय, रोप कुजतंय, दुबार लागवड करावी लागतेय, हे बेळगावात कुणाला सांगायला नको. एका वर्षी शिवारात उभं राहून बघितलं तर बांध कुठं आहे तेच कळत नव्हतं, नुसतं पिवळसर पाणी आणि मधून मधून रोपांचे शेंडे, आणि शेतकरी सांगत होता की पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी हलत नाही. आता ह्याला "हवामान बदललंय, ढगफुटीसारखा पाऊस झाला" असं म्हणून मोकळं होता येतं. पण पाऊस थांबल्यावर सुद्धा पाणी हलत नसेल तर प्रश्न फक्त ढगाचा कसा असेल? नाल्यात गाळ किती, जलपर्णी किती, रुंदी किती उरली, वरच्या बाजूला शिवाराच्या जागी काँक्रीट किती वाढलं, रस्त्यांचे भराव कुठं आडवे आले, हे सगळं मोजता येण्यासारखं आहे. आणि पाऊस पण मोजता येतो. दोन्ही मोजून शेजारी शेजारी ठेवलं की किती दोष आभाळाचा आणि किती जमिनीवरचा ते कळायला लागतंय.

हे काम आपल्या देशात शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. १९२२ साली उत्तर बंगालमध्ये मोठा पूर आला, तज्ज्ञांनी पाणी अडवून धरायला मोठे महागडे जलाशय बांधायचं सुचवलं, तेव्हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी जवळपास पन्नास वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या नोंदी काढून दाखवून दिलं की ह्या जलाशयांचा उपयोग होणार नाही, खरी गरज पाण्याचा निचरा लवकर होण्याची आहे. पुढं ओडिशात १९२६ च्या पुरानंतर इंजिनिअर म्हणत होते नदीचा तळ वर आलाय, बंधारे उंच करा, तिथंही त्यांनी जुन्या नोंदी मांडून सांगितलं की तळ वर आलेला नाही. हेच महालनोबिस ज्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था काढली. म्हणजे पुराचं कारण ओरडून न ठरवता नोंदवहीतून ठरवायची परंपरा आपलीच आहे, बाहेरून काही आणायचं नाही.

आता मोठ्या प्रश्नाकडं येऊ. पृथ्वी तापतेय आणि ती माणसामुळं तापतेय हे शास्त्रज्ञांना कळलं कसं? बऱ्याच लोकांना, तापमानवाढ मानणाऱ्यांना पण, असं वाटतं की कार्बन डायऑक्साइडचा ग्राफ वर गेला, तापमानाचा ग्राफ पण वर गेला, दोन्ही जुळले, झालं सिद्ध. एवढाच पुरावा असता तर मी पण मानलं नसतं. कारण गेल्या पन्नास वर्षांत वर गेलेल्या गोष्टी ढीगभर आहेत, बेळगावातल्या मोटरसायकली वाढल्या, मंगल कार्यालयं वाढली, इंजिनिअरिंग कॉलेजं वाढली, ह्यातली कुठलीही ओळ जगाच्या तापमानाशेजारी ठेवा, कोरिलेशन, म्हणजे दोन आकडे किती जुळून हलतात त्याचं माप, झकास येईल. काळाबरोबर वाढत जाणाऱ्या दोन मालिका एकमेकींशी जुळतातच, आणि त्यात परत एका वर्षाचं तापमान पुढच्या वर्षाच्या तापमानाला धरून असतं, त्यामुळं शंभर वर्षांची नोंद म्हणजे शंभर सुटे पुरावे नव्हेत, ते लक्षात न घेता हिशोब केला तर खात्री उगाच फुगते.

हा धोका ओळखणारा माणूस पण आपल्याच हवामान खात्यात होऊन गेला. गिल्बर्ट वॉकर मूळचे गणिती, १९०४ ते १९२४ इथल्या वेधशाळांचे प्रमुख होते, मॉन्सूनचा अंदाज बांधायला त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या नोंदी घेऊन कोरिलेशनची कोष्टकं तयार केली, काम करणारे कारकून हातानं बेरजा-गुणाकार करायचे. त्यातून पॅसिफिक आणि हिंदी महासागराच्या दाबाचा तो झोका सापडला ज्याचा आज आपण एल निनोबरोबर, म्हणजे पॅसिफिकचं पाणी अधूनमधून तापतं त्याच्याबरोबर, उल्लेख करतो. पण त्याच वॉकरनी लिहून ठेवलं की तुम्ही खूप साऱ्या गोष्टींशी पावसाचा संबंध तपासत बसलात तर काही संबंध निव्वळ योगायोगानं पण मोठे दिसणार, तेव्हा कसोटी जास्त कडक पाहिजे. आज व्हॉट्सअॅपवर कसलेही दोन ग्राफ चिकटवून फिरवणाऱ्यांनी ही गोष्ट वाचायला पाहिजे.

मग जुळणी पुरेशी नाही तर पुरेसं काय? आधी भौतिकशास्त्र. कार्बन डायऑक्साइडसारखे वायू उष्णता अडवतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत मोजलं, स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हा वायू वाढला तर पृथ्वी किती तापेल त्याचा हिशोब कागदावर केला, तेव्हा तापमानाचा ग्राफ वर गेलेला पण नव्हता. म्हणजे कारण आधी सांगितलं गेलं आणि परिणाम नंतर दिसला, ग्राफ बघून मागाहून गोष्ट रचलेली नाही, आणि संख्याशास्त्रात ह्या क्रमाला फार किंमत आहे. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर नावाच्या वाफेच्या इंजिनिअरनं जगभरच्या हवामान केंद्रांच्या नोंदी जमवून दाखवलं की पन्नास वर्षांत जमिनीवरची हवा साधारण पाव अंशानं तापलीय. १९५८ पासून हवाईतल्या मौना लोआवर चार्ल्स कीलिंगनी वायू मोजायला सुरुवात केली, तेव्हा दहा लाखात ३१५ च्या आसपास भाग होते, आज ४२० च्या वर आहेत, आणि कारखाने यायच्या आधी २८० होते. हा जादाचा कार्बन जमिनीतल्या कोळसा-तेलातनंच आलाय हे त्याच्या अणूंच्या प्रमाणावरनं पण कळतं, कारण जुन्या वनस्पतीतल्या कार्बनची घडण वेगळी असते.

एवढं झाल्यावर खरा संख्याशास्त्राचा भाग सुरू होतो, आणि तो मला सगळ्यात सुंदर वाटतो. क्लाउस हासेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९७९ मध्ये प्रश्न असा मांडला की हवामान आपलं आपण पण वरखाली होतच असतंय, त्या गोंगाटात बाहेरच्या कारणाचा सूर ओळखायचा कसा? सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत लांबून हलगी वाजत असेल तर नुसता आवाज मोठा झाला म्हणून ती ओळखू येत नाही, तिचा ठेका माहीत असेल तर ओळखू येते. तसं प्रत्येक कारणाचा एक ठसा असतो, म्हणजे कुठं तापणार, कुठं गार होणार, कुठल्या उंचीवर, दिवसा का रात्री. सूर्य प्रखर झाला असता तर खालची हवा आणि वरची हवा दोन्ही तापल्या असत्या. हरितगृह वायूंमुळं, म्हणजे ह्या उष्णता अडवणाऱ्या वायूंमुळं, खालची हवा तापणार आणि वरचा थर, स्ट्रॅटोस्फिअर, गार होणार, हे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच कॉम्प्युटरच्या मॉडेलवरनं सांगितलं होतं. आणि नंतर मोजलं तर तसंच निघालं, खाली गरम, वर गार. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जमिनीवर रात्रीचं तापमान दिवसापेक्षा जास्त वेगानं वाढलं, ते पण सूर्याच्या ठशात बसत नाही. शिवाय १९७८ पासून सॅटेलाइट सूर्याची प्रखरता मोजतायत, अकरा वर्षांचं चक्र दिसतं, साधारण एक हजारात एक भागाचा फरक, पण वर जाणारी ओळ नाही. मनाबे आणि हासेलमान यांना ह्या कामासाठी २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तिसरे जॉर्जिओ पारिसी.

हिशोब कसा करतात ते थोडक्यात सांगतो, फार अवघड नाही. मोजलेलं तापमान एका बाजूला ठेवायचं, दुसऱ्या बाजूला तीन ठसे ठेवायचे: हरितगृह वायूंचा, धूर-धुळीच्या बारीक कणांचा, सूर्य आणि ज्वालामुखीचा, आणि हवामानाचा आपोआप होणारा चढउतार गोंगाट म्हणून धरायचा. मग रिग्रेशन नावाच्या संख्याशास्त्राच्या पद्धतीनं काढायचं की प्रत्येक ठशाला किती गुणलं तर मोजलेलं चित्र तयार होतंय. एखाद्या ठशाचा गुणक शून्य धरून चालतंय असं निघालं तर त्या कारणाचा पुरावा नाही, आणि किती चुकू शकतंय त्याचा पट्टा धरून सुद्धा शून्य त्याच्या बाहेर राहत असेल तर ते कारण आहे म्हणायचं. यात "मला वाटतं" ला जागा नाही, आणि प्रत्येक उत्तराबरोबर किती चुकू शकतंय ते पण लिहावं लागतं. आयपीसीसी ह्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या संस्थेच्या २०२१ च्या अहवालात आकडे असे आहेत: १८५० ते १९०० च्या तुलनेत २०१० ते २०१९ पर्यंत माणसामुळं साधारण १.०७ अंश वाढ, पट्टा ०.८ ते १.३. एकट्या हरितगृह वायूंमुळं १ ते २ अंश. धुराच्या कणांमुळं उलट ० ते ०.८ अंश गारवा. सूर्य आणि ज्वालामुखी मिळून उणे ०.१ ते अधिक ०.१, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. १९९५ मध्ये हीच संस्था फार जपून म्हणाली होती की पुराव्याचा कल माणसाच्या प्रभावाकडं दिसतोय, २०२१ मध्ये तिनं ते निःसंशय म्हटलं. मधल्या पंचवीस वर्षांत सिग्नल वाढला आणि मोजणी सुधारली, म्हणून शब्द बदलले.

आणि ह्या हिशोबाची परीक्षा पण झाली. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपाइन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, अमेरिकेतले हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांच्या टीमनं आधीच सांगून टाकलं की जग तात्पुरतं साधारण अर्धा अंश गार होईल, आणि पुढच्या वर्षी तसं झालं.

"थर्मामीटर शहरात आहेत, भोवती डांबर-सिमेंट आलं म्हणून आकडा वाढला" ही शंका मात्र मी हसून उडवणार नाही, ती चांगली शंका आहे. बेळगावला एके काळी गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे, कॅम्पातली आणि टिळकवाडीतली झाडं आठवणाऱ्या माणसाला आजची दुपार बघून तसं वाटणारच. शहर तापण्यात शहराचा हात असतोच. पण जगाच्या आकड्यात त्यानं किती फरक पडतो हे रिचर्ड म्युलर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं तपासलं, ते स्वतः शंका घेणाऱ्यांपैकी होते, बर्कलेत नवीन टीम उभी करून सगळ्या नोंदी परत पहिल्यापासून तपासल्या, आणि २०१२ मध्ये जाहीर सांगितलं की वाढ खरी आहे, शहरांमुळं जगाच्या आकड्यात जाणवण्यासारखा फरक पडत नाही आणि कारण माणूसच आहे. समुद्र पण तापलाय, जादाच्या उष्णतेचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग समुद्रातच गेलाय, आणि समुद्रात कुठलं डांबर. तेव्हा दोन गोष्टी एकदम खऱ्या आहेत, जग तापलंय ते वायूंमुळं, आणि बेळगाव शहर त्याच्यावर आणखी थोडं तापलंय ते झाडं तोडल्यामुळं आणि काँक्रीटमुळं. किती आणि किती, ते काढायला सांबऱ्याच्या विमानतळावरची नोंद, शहराच्या मधली नोंद आणि एखाद्या खेड्यातली नोंद तीस-चाळीस वर्षांची शेजारी ठेवायला लागेल.

दुसरी खोड म्हणजे सोयीचं वर्ष निवडणं. १९९८ ला मोठा एल निनो होता, त्यानं ते वर्ष जास्तच तापलं, तिथनं मोजायला सुरुवात केली की पुढची पंधरा वर्षं वाढ थांबल्यासारखी दिसायची, आणि कितीतरी लोकांनी तेवढाच तुकडा दाखवून "थांबली की हो तापमानवाढ" म्हणून सांगितलं. आपण पण तेच करतो. ऑगस्ट २०१९ ला पूर आला तेव्हा सगळे म्हणाले पाऊस वाढला, २०२३ ला कर्नाटकात २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले तेव्हा तेच सगळे म्हणाले पाऊस संपला. मृग कोरडा गेला की "पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही" आणि जानेवारीत कडाक्याची थंडी पडली की "कुठं आहे वॉर्मिंग". एका वर्षाच्या पावसावरनं काहीही ठरत नाही, आपल्याकडं तर नाहीच, कारण कणकुंबी-जांबोटीला पाऊस झोडपतो आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं त्याचा छोटासा भाग पडतो, एका जिल्ह्याची सरासरी काढली तर ती ना कणकुंबीची ना अथणीची.

पावसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे जी भाषणांत कधी येत नाही. हवा तापली की दर अंशाला साधारण सात टक्के जादा बाष्प धरते, म्हणून पाऊस वाढणार असं सरळ वाटतं. पण केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालात आहे की १९५१ ते २०१५ मध्ये देशाचा मॉन्सूनचा पाऊस साधारण सहा टक्क्यांनी कमी झाला, आणि घट ठळक दिसते ती गंगेच्या खोऱ्यात आणि पश्चिम घाटात. आपला खानापूर तालुका त्याच घाटाच्या कडेला बसलाय. धुराचे कण ऊन अडवतात, जमीन कमी तापते, मॉन्सूनची ओढ कमी होते, हे त्यातलं एक मोठं कारण सांगितलं जातं. त्याच वेळी देशाच्या मध्य भागात जोरदार पावसाचे प्रसंग वाढलेत. म्हणजे एकूण पाऊस कमी आणि पडला की एकदम, हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, आणि भात लावणाऱ्याला दोन्हीचा मार बसतो. म्हणून ठशांची वजाबाकी-बेरीज केल्याशिवाय बोलू नये.

एकेका प्रसंगाचं कारण पण आता काढता येतं. २००३ च्या युरोपातल्या उष्णतेच्या लाटेवर पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की माणसाच्या प्रभावामुळं तशी लाट यायचा धोका निदान दुप्पट झाला होता. २०२४ च्या जुलैत वायनाडला दरडी कोसळल्या, त्या पावसाबद्दल वर्ल्ड वेदर अॅट्रिब्यूशन ह्या शास्त्रज्ञांच्या गटातल्या अभ्यासकांनी सांगितलं की हवामान बदलामुळं तो साधारण दहा टक्के जास्त जोराचा झाला. पद्धत अशी की आजचं जग आणि न तापलेलं जग दोन्ही मॉडेलमध्ये उभी करायची, आणि तोच पाऊस दोन्हीकडं किती वेळा, किती जोरानं पडतो ते बघायचं. ह्या दहा टक्क्यांकडं नीट बघा. तो आकडा हवामान बदल खरा आहे म्हणून सांगतो, आणि त्याच वेळी उरलेला पाऊस, उतारावरची घरं, तोडलेलं जंगल, वेळेत न गेलेला इशारा ह्यांची जबाबदारी कुणावर ते विचारायची वाट उघडी ठेवतो. "सगळं ग्लोबल वॉर्मिंगमुळं" म्हणणाऱ्याला हाच आकडा नको असतो.

आता आपल्या नोंदींचं काय ते बोलूया, कारण सगळं अडतंय तिथं. सरकारी पर्जन्यमापक कधी जवळनं बघितलाय का? उघड्या जागेवर रोवलेलं नळकांडं, वर गोल कडा, आत बाटली, सकाळी साडेआठला माणूस येतो, पाणी मापात ओततो, माप डोळ्याच्या रेषेत धरून मिलिमीटर वाचतो आणि वहीत लिहितो. साधं काम आहे पण त्यात हजार गोष्टी बिघडू शकतात. शेजारी झाड वाढलं तर पाऊस अडतो, मापक दुसऱ्या आवारात हलवला तर मालिका तुटते, माणूस रजेवर असला तर सोमवारी तीन दिवसांचा पाऊस एकाच तारखेला चढतो, आणि तोच मग "विक्रमी पाऊस" म्हणून छापून येतो. संख्याशास्त्रवाल्यांचा अर्धा वेळ अशा नोंदी साफ करण्यात जातो, आणि ज्यांनी त्या वहीत प्रामाणिकपणे "नोंद नाही" असं लिहिलं त्यांचे उपकार मानायला पाहिजेत, कारण मोकळी जागा खोट्या आकड्यापेक्षा कितीतरी बरी.

आमच्या सीमाभागात ह्याच्यावर आणखी एक अडचण. कर्नाटकात राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राची स्वयंचलित पर्जन्यमापकं ग्रामपंचायतींपर्यंत आहेत, नोंद होबळीवार, म्हणजे काही गावांच्या गटावार, लागते. महाराष्ट्रात महावेधची केंद्रं महसूल मंडळावार आहेत. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा तिकडं उगवून इकडं येतात, ढग तर हद्द विचारत पण नाहीत, पण आकडे मात्र हद्दीवर थांबतात. निपाणीच्या माणसाला कागलच्या मंडळातला पाऊस आणि स्वतःच्या होबळीतला पाऊस एका कोष्टकात बघायचा असेल तर दोन राज्यांच्या दोन पद्धती, दोन भाषा, दोन साइट. रयत संपर्क केंद्रात बियाणं-खताचं विचारता येतं, पण माझ्या गावचा गेल्या तीस वर्षांचा पाऊस द्या म्हटलं तर मिळायला मारामार.

ह्या तुटक्या नोंदींमुळं काय होतं ते पुरात दिसतं. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळेला सांगली-कोल्हापूरकडं लोक म्हणाले कर्नाटकातल्या आलमट्टी धरणानं पाणी तुंबवलं, आणि इकडं चिकोडी, रायबाग, कागवाडच्या नदीकाठावर लोक म्हणाले कोयनेतनं एकदम सोडलं. आम्हा मराठी माणसांची सोयरीक दोन्ही काठांवर आहे, पाहुण्यांच्या घरात पाणी शिरलं तरी वाईट आणि आपल्या घरात शिरलं तरी वाईट, त्यामुळं आम्हाला बाजू घेऊन भागत नाही, खरं काय ते पाहिजे. महाराष्ट्र सरकारनंच नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये २०१९ च्या पुराला आलमट्टी कारणीभूत नाही असं म्हटलं, तरी वाद मिटला नाही, आणि तो मिटणार पण नाही, कारण ज्या आकड्यांवरनं निष्कर्ष काढले ते सामान्य माणसाला, कॉलेजच्या प्राध्यापकाला, पत्रकाराला परत तपासून बघता येत नाहीत. म्युलरना शंका आली तर त्यांना सगळा डेटा मिळाला, म्हणून त्यांची शंका फिटली. आमची शंका फिटावी तर आम्हाला पण तो मिळायला पाहिजे.

आलमट्टीची उंची ५१९.६० वरनं ५२४.२५६ मीटर करायचा विषय आहेच. त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध मोर्चे निघतील, निघू देत. पण त्याआधी तीन पुरांची कोयना, वारणा, राधानगरी, आलमट्टी ह्या धरणांची तासातासाची आवक आणि विसर्ग, दोन्ही राज्यांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी, राजापूर बंधारा आणि कुडचीच्या पुलाजवळची पाणीपातळी, सगळं एका फाइलमध्ये कुणालाही डाउनलोड करता येईल असं ठेवा. संख्याशास्त्र शिकणारी पोरं बेळगावात पण आहेत आणि कोल्हापुरात पण, त्यांना जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायचं प्रोजेक्ट द्या. आणि पहिला हिशोब हा करा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये पडला तोच पाऊस धरून आलमट्टी रिकामं असतं तर कुरुंदवाडला पाणी किती फुटांवर थांबलं असतं, नदीकाठची बांधकामं आणि भराव नसते तर किती, आणि हवा एक अंशानं गार असती तर किती.